क्लास तासाचा, रियाज घरचा

"मुलगी तबल्याच्या क्लासला आनंदाने जाते, पण घरी वाद्याला हात लावत नाही. काय करावं?" गेल्या काही महिन्यांत आपल्या मंडळातल्या तीन-चार घरांतून हा प्रश्न माझ्याकडे आला. कुणाकडे तबला आहे, कुणाकडे पेटी, एका घरी व्हायोलिन, एका घरी गिटार. वाद्य वेगळं, तक्रार एकच. म्हणून या वेळचं सदर याच विषयाला देते आहे.

आधीच सांगते, मी संगीतातली जाणकार नाही. कॉम्प्युटरची बीई, दिवसभर घरूनच सॉफ्टवेअरचं काम. लेक नऊ वर्षांची आहे, तबल्याचं तिचं दुसरं वर्ष चालू आहे. घर लष्करात, दाल बाजारात. खाली तूर-मसूर-हरभऱ्याची ठोक दुकानं आणि वरच्या मजल्यावर आम्ही. म्हणजे जागा रियाजाला अगदी गैरसोयीची आणि आईला तबल्यातलं काही येत नाही. तरीही दीड वर्ष रोजचा रियाज चालला आहे. तेव्हा जे आमच्या घरी जमलं ते बहुतेकांच्या घरी जमायला हरकत नाही, असं मला वाटतं.

सगळ्या आई-बाबांच्या मनात एक अडचण असते. "आम्हालाच काही येत नाही, तर घरी मदत काय करणार?" तिचं उत्तर शोधताना मला आपल्याच शहराचा इतिहास उपयोगी पडला.

शंभर वर्षांपूर्वी काय बदललं

पूर्वी "घरचा रियाज" असा वेगळा प्रश्नच नव्हता. शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेर परंपरेचे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले आणि ती गायकी त्यांनी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला त्यांच्याकडे शिकले. शिकणं, ऐकणं, चुकणं आणि पुन्हा घोटणं, सगळं एकाच घरात होत असे.

मग १९०१ साली पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९१४ साली ग्वाल्हेरात कृष्णराव शंकर पंडितांनी संगीत विद्यालय सुरू केलं, तेच पुढे वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय झालं. १९१८ साली माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय उघडलं. राजाभैया पूंछवाले पुढे तिथले प्राचार्य झाले. भातखंडे शिक्षणाने वकील. त्यांनी बंदिशी स्वरलिपीत लिहून क्रमिक पुस्तकांच्या रूपात छापल्या, त्याही मराठीतून. आता कुठल्याही घरचं मूल वही-पुस्तक घेऊन शाळेत जावं तसं संगीत शिकायला जाऊ लागलं. ज्यांना गुरुगृही राहणं कधी शक्यच नव्हतं, त्यांना दार उघडलं.

पण त्याबरोबर एक गोष्ट झाली. शिकवण तासावर आली आणि उरलेला दिवस मुलाच्या घराच्या वाट्याला आला.

गुरूच्या घरात मुलाला काय काय मिळत होतं, याची मी एकदा यादी केली. एक, वाद्य समोरच असायचं. दोन, वेळ ठरलेली असायची. तीन, कुणाचा तरी कान सतत असायचा, चूक झाली की आतल्या खोलीतून हाक यायची. चार, दुसऱ्यांचं गाणं-वाजवणं दिवसभर कानावर पडायचं. आणि पाच, प्रत्यक्ष शिकवण. आपण क्लासची फी भरतो ती या पाचव्या गोष्टीची. पहिल्या चार क्लासमध्ये मिळत नाहीत, त्या घरानेच करायच्या असतात. गंमत म्हणजे त्या चारांपैकी एकीलाही आई-बाबांना वाद्य वाजवता येण्याची गरज नाही.

एक : वाद्य हाताशी

बॅगेत बांधून कपाटावर ठेवलेला तबला काढायला, चुंबळ मांडायला, हातोडी शोधायला दहा मिनिटं जातात आणि मुलाचा उत्साह त्यातच संपतो. आमच्याकडे मधल्या खोलीच्या कोपऱ्यात चटई कायम अंथरलेली असते. तिच्यावर तबला-डग्गा चुंबळीवर ठेवलेले आणि वरून सुती कापड. दाल बाजारात गोण्यांची धूळ आणि भुस्सा खिडकीतून येतोच, म्हणून कापड रोज झटकायचं. ते लेकीचंच काम.

वाद्य सुरात असणं फार महत्त्वाचं. बेसूर, ढब्ब वाजणाऱ्या तबल्यावर मूल कितीही बरोबर वाजवो, त्याला ते चांगलं ऐकू येत नाही आणि मग वाजवावंसंही वाटत नाही. आपल्याकडे मे महिन्यातल्या कोरड्या लूमध्ये पुडी ताणली जाते आणि स्वर चढतो. पावसाळ्यात दमट हवेने तो उतरतो. पाण्याच्या कूलरच्या झोतात तबला ठेवाल तर उन्हाळ्यातही तो उतरलेलाच मिळेल. उन्हातही ठेवू नका. फोनवर तानपुऱ्याचं किंवा ट्यूनरचं ॲप लावून तबला स्वरात आहे का एवढं आपण पाहू शकतो. नसेल तर पुढच्या क्लासला घेऊन जा आणि सरांकडून मिळवून आणा. हातोडी मुलांच्या हाती देऊ नका. शाईवर पाणी, तेलकट हात आणि चहाचा कप, तिन्ही वर्ज्य.

लहान अंगाला वाद्याचं माप जुळलं पाहिजे. तबल्यासमोर बसल्यावर मुलाचे खांदे वर उचलले जात असतील तर बैठकीखाली घडी केलेली घोंगडी घाला. व्हायोलिन मुलांसाठी अर्धं, पाऊण अशा मापांत मिळतं. मोठं होईल म्हणून आधीच पूर्ण मापाचं घेतलं तर मान आणि हात दोन्ही दुखतात. मूल कंटाळलं आहे असं वाटतं तेव्हा बरेचदा त्याला काहीतरी टोचत किंवा दुखत असतं. ते आधी बघा.

दोन : ठरलेली वेळ, आणि थोडी

आमच्या बाजारात शटर वर जाऊ लागली की ठेले, ट्रक, पल्लेदारांच्या हाका आणि मोटरसायकलींचे हॉर्न एकदम सुरू होतात. संध्याकाळी तर आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून सकाळी दूध झाल्यावर आणि शाळेचं दप्तर भरण्याआधी सव्वासात ते साडेसात, अशी पंधरा मिनिटं ठरवली आहेत. घड्याळापेक्षा "दुधानंतर" ही खूण जास्त उपयोगी पडते. रोजच्या एखाद्या कामाला रियाज जोडून दिला की आज बसायचं की नाही याची चर्चाच होत नाही. खालच्या दुकानाचे मालकही आता या वेळेला सरावलेत. एखाद्या दिवशी आम्ही बाहेरगावी असलो की परतल्यावर विचारतात, "कल बिटिया का तबला नहीं सुना?" लेकीला या प्रश्नाचं फार कौतुक आहे.

फक्त पंधरा मिनिटं? हो. आठ-दहा वर्षांच्या नवशिक्या मुलाला रोजची पंधरा-वीस मिनिटं रविवारच्या दोन तासांपेक्षा जास्त देतात. आज घोटलेलं हाताला उद्या थोडं अधिक सोपं जातं, कारण मधे एक झोप झालेली असते. आठवड्याचं सगळं एका दिवशी कोंबलं तर त्या सहा झोपा वाया जातात. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातून "दहा हजार तास" एवढंच पुढे लोकांच्या तोंडी राहिलं. पण त्यात एक बारीक गोष्ट होती. सर्वांत पुढे असलेले विद्यार्थीसुद्धा सलग बसत नव्हते. ते साधारण तासाभराच्या बैठका करत, मधे विश्रांती घेत आणि बसत तेव्हा पूर्ण लक्ष देऊन बसत. मोठ्यांचं असं, तर आपल्या पिल्लांकडून पाऊण तासाची अपेक्षा कशाला?

वेळ संपली की उठायचं, छान चाललं असलं तरी. शेवटची दोन मिनिटं तिच्या आवडीचं. आमच्याकडे ते बहुधा केरवा असतो, तोही जोरात.

तीन : ऐकणारा कान

आता मुख्य गोष्ट. रियाजाच्या वेळी मी शेजारी बसते. लॅपटॉप बंद, फोन फक्त लयीसाठी. "जा, वाजव जाऊन" असं स्वयंपाकघरातून सांगणं आणि शेजारी बसणं यांत फरक आहे. कुणीतरी खरंच ऐकतंय हे मुलाला कळतं.

शेजारी बसून करायच्या गोष्टी तीन.

पहिली, तोंडाने म्हणणं. तबल्यात याला पढंत म्हणतात. जे वाजवायचं ते आधी हाताने ताल देत तोंडाने म्हणायचं. तोंडात नीट बसलेलं हातात लवकर उतरतं आणि तोंडातच अडखळत असेल तर हात दोषी नाही, पाठच कच्चं आहे, हे लगेच समजतं. उस्ताद झाकिर हुसेन मुलाखतींमध्ये सांगत की त्यांच्या जन्मानंतर वडिलांनी, उस्ताद अल्लारखाँ यांनी, त्यांच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले. लहानपणी पहाटेच्या शिकवणीतही बराच वेळ नुसतं बोल म्हणण्यातच जाई. आपण आई-बाबा तबला वाजवू शकत नसू, पण तीनताल हातावर धरायला नक्की शिकू शकतो. सोळा मात्रा, चार-चारांचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात उलटा बाजूला. एका संध्याकाळी जमतं. मला लेकीनेच शिकवलं आणि माझी खाली चुकली की ती किती गंभीरपणे दुरुस्त करते ते पाहण्यासारखं असतं. शिकवणाऱ्याला पाठ पक्का लागतो, त्यामुळे हाही तिचा रियाजच.

दुसरी, अडलेला तुकडा शोधणं. आमच्या धंद्यात प्रोग्रॅम बिघडला की कुणी तो पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहीत नाही. नेमकी कुठली ओळ बिघडली ते आधी शोधतात. मुलं मात्र कायदा पहिल्यापासून वाजवतात, ठरलेल्या जागी अडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. असं दहा वेळा केलं की सुरुवातीचा भाग दहा वेळा घोटला जातो आणि चुकीची जागाही दहा वेळा चुकीचीच घोटली जाते. हाताला बरोबर आणि चूक यांतला फरक कळत नाही, जे वारंवार होतं ते तो लक्षात ठेवतो.

लेकीचा "तिट" असाच अडायचा. मधलं बोट आणि तर्जनी एकामागून एक, दोन्हींचं वजन सारखं यायला हवं, पण तर्जनी मागे राहायची. मग आम्ही बाकीचा कायदा बाजूला ठेवला. फक्त "तिट", फोनवर मिनिटाला ६० ठोके लावून, एका ठोक्याला एक अक्षर. सलग तीन वेळा स्वच्छ वाजलं की ठोके ६४, मग ६८. अडलं की पुन्हा ६०. दोन-तीन दिवसांनी त्याच्या आधीचा एक बोल आणि नंतरचा एक बोल जोडला, कारण अडचण पुष्कळदा त्या जोडाच्या जागी असते. साधारण आठवड्याने पूर्ण ओळ. पंधरा मिनिटांतली पाच मिनिटंच यासाठी, त्याहून जास्त नाही, नाहीतर हात आखडतो.

यात एक पथ्य पाळा. बोट कुठलं, हात कुठे पडायचा, हे सर सांगतील तेच. घराण्याप्रमाणे निकास बदलतो. व्हिडिओ पाहून आपण दुरुस्ती करायला गेलो तर मुलाची दोन्हीकडून ओढाताण होते. क्लास सुटताना सरांना तीन प्रश्न विचारून घ्यायचे. या आठवड्यात काय घोटायचं, किती लयीत, आणि कशाकडे लक्ष ठेवायचं? त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याच हातचं मिनिटभर रेकॉर्डिंग करून घ्या. घरी वाद झाला की न्यायनिवाडा त्या रेकॉर्डिंगवर.

तिसरी, बोलणं. "चुकलं" हा शब्द आमच्या घरी रियाजात वापरायचा नाही असं ठरलंय. त्याऐवजी प्रश्न. "कुठे अडल्यासारखं वाटलं?" "खाली कुठे आली?" "पहिल्यांदा जास्त स्वच्छ होतं की आता?" मूल स्वतः ऐकून उत्तर देतं. आणि जे मूल स्वतःला ऐकायला शिकलं, त्याच्याजवळ आपण बसलो नाही तरी चालतं. कौतुकही नेमकं असावं. "वा, छान" हे मुलांना दोन दिवसांत खोटं वाटू लागतं. "आज डग्ग्याचा घुमारा लांबला, ऐकलास का?" हे लक्षात राहतं.

आणि कृपा करून पाहुणे आले की "वाजवून दाखव बरं" म्हणू नका. ज्याला वाजवायचं असेल तो स्वतःहून चटईकडे जातो.

चार : कानावर पडू द्या

जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी मुलांना वाद्य शिकवण्याची पद्धत मातृभाषेवरून बसवली. मूल बोलायला लागण्याआधी कितीतरी महिने नुसतं ऐकत असतं, तसंच वाद्याचं व्हावं, म्हणून घरात रोज ते संगीत लागलं पाहिजे आणि आई किंवा वडिलांनी क्लासमध्येही सोबत बसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आपल्याला हे काही नवीन नाही. ग्वाल्हेर घराण्याच्या पंडित कुटुंबात कृष्णरावांनंतर लक्ष्मण कृष्णराव पंडित आणि त्यांची मुलगी मीता पंडित, अशी विद्या चालत आली. जिवाजीगंजात उस्ताद हाफिज अली खाँ यांचं घर आज सरोद घर या नावाने वाद्यांचं संग्रहालय आहे. उस्ताद अमजद अली खाँ त्यांचेच पुत्र आणि शिष्य. अशा घरांत मूल शिकायला बसण्याआधीच कितीतरी ऐकून बसलेलं असतं.

आपल्या घरात तेवढं नसतं, पण थोडं नक्की आणता येतं. आमच्या घरी हे काम सासूबाईंनी उचललं. त्या मुलीपणी थोडी पेटी शिकल्या होत्या. तबल्याच्या साथीला जो लेहरा लागतो, म्हणजे एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा, तेवढाच त्यांना येतो आणि तेवढाच पुरतो. त्यांच्या बोटांना आता संधिवात आहे, त्यामुळे लेहरा आपोआप विलंबित चालतो आणि लेकीला घाई करायची सोयच राहत नाही. फोनवर लेहऱ्याची ॲप आहेत, तीही चांगली आहेत. पण आजी थांबली की थांबावं लागतं, आजी खोकली की सम धरून ठेवावी लागते, हे शिक्षण ॲपमध्ये नाही.

ग्वाल्हेरात राहणाऱ्यांना तर निमित्तं भरपूर आहेत. तानसेन समारोह डिसेंबरात असतो, १९२४ साली सुरू झाला आणि २०२४ साली त्याची शंभरी झाली. मुलांना एखाद्या सभेला न्या, तासभर बसवा, कंटाळली की उठा. पूर्ण रात्र बसवलंत तर पुढच्या वर्षी येणार नाहीत. २५ डिसेंबर २०२३ ला आपल्या किल्ल्यावर १२०० हून अधिक तबलावादक एकत्र वाजवायला बसले होते आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. पुण्या-मुंबईला, इंदूर-बडोद्याला किंवा परदेशात असलेल्या वाचकांनी गाडीत, जेवताना, रविवारी सकाळी एकच चांगलं रेकॉर्डिंग महिनाभर लावावं. रोज नवीन नको. ओळखीचं झालं की मूल त्यात सम शोधू लागतं.

आणि मुलाच्या वाद्याला घरात काम द्या. गेल्या गणपतीत दहा दिवस आमच्या आरतीला तबला लेकीनेच धरला. साधा केरवा, आठ मात्रा. आजोबा दरवेळी लय वाढवायचे आणि ती त्यांच्यामागे धावायची. ते वाजवून दाखवणं नव्हतं, आरतीला तबला हवाच होता. दोन्ही गोष्टींत मुलांना फार फरक वाटतो.

"मला तबला नको"

एवढं सगळं करूनही हे वाक्य येतं. आमच्याकडे गेल्या जानेवारीत आलं. थंडी कडाक्याची, बोटं गार, आणि लेक चटईवर बसून म्हणाली, "मला नको तबला." घरात लगेच दोन पक्ष पडले. सासूबाईंचं म्हणणं, "आत्ता सोडला तर आयुष्यभर हळहळेल, परीक्षेचा अर्ज भरा, म्हणजे करेल." नवऱ्याचं म्हणणं, "नको तर नको, जबरदस्ती कशाला?" दोघांचंही पटण्यासारखं होतं, म्हणूनच अवघड होतं.

त्या दिवशी रियाज झाला नाही. रात्री झोपताना मी तिला एवढंच विचारलं की त्यातलं नेमकं काय नको? बऱ्याच वेळाने उत्तर आलं. तुकडीतली सगळी मुलं तिच्यापेक्षा मोठी, सगळी दुप्पट लयीत जायची, हिचा हात मागे पडायचा आणि कुणीतरी हसायचं. तबला नको असं नव्हतं, ती तुकडी नको होती. दुसऱ्या दिवशी सरांशी बोलले. त्यांनी तिला दोनच मुलं असलेल्या वेळेला बोलावलं आणि महिनाभर दुप्पट थांबवली.

तरी मी तिला "मग आता चालू ठेव" असं म्हटलं नाही. आम्ही ठरवलं, पाडव्यापर्यंत रोज दहा मिनिटं, पाडव्याला निर्णय तिचा. तारीख ठरल्यामुळे रोजचं भांडण संपलं आणि निर्णय खरंच आपल्या हातात आहे हे तिला कळलं. पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर ती म्हणाली, "चालू ठेवते, पण परीक्षा नको." सासूबाईंना हे रुचलं नाही. शेजारची मुलगी प्रारंभिक देऊन आली हे त्या अजून अधूनमधून बोलून दाखवतात. मला वाटतं परीक्षा वाईट नाही, पुष्कळ मुलांना ती पुढे नेते. पण आमच्या लेकीला सध्या ती नको आहे आणि परीक्षेवाचून ती रोज वाजवते आहे. पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसेल किंवा तबला सोडेलही. मला सांगता येत नाही.

एवढं मात्र सांगते. मूल नको म्हणालं तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. आधी नेमकं काय नको ते विचारा. वेळ नको, जागा नको, सर नकोत, सोबतची मुलं नकोत, दुखतंय, अवघड आहे की खरोखर वाद्यच नको? शेवटचं खरं निघालं तर सन्मानाने सोडू द्या. बाकी सगळ्यांवर काही ना काही उपाय असतो.

या आठवड्यासाठी

एकदम सगळं करायला जाऊ नका. या आठवड्यात तीनच गोष्टी करून पाहा. वाद्य बॅगेतून बाहेर काढून एका कोपऱ्यात कायमचं मांडा. दिवसातली पंधरा मिनिटं एखाद्या रोजच्या कामाला जोडून ठरवा आणि तेवढा वेळ फोन दूर ठेवून शेजारी बसा. आणि तबला असेल तर मुलाकडूनच तीनताल हातावर धरायला शिका, पेटी किंवा गिटार असेल तर पहिला धडा त्याच्याकडून म्हणून घ्या. तुमची खाली चुकेल. चुकू द्या, त्याला दुरुस्त करू द्या.

पंधरा दिवसांनी काय झालं ते मला जरूर कळवा. विशेषतः ज्यांच्या घरी दोन मुलं, एकच पेटी आणि वेळ एकच, त्यांनी ते कसं जमवलं, हे मला ऐकायचं आहे. पुढच्या महिन्यात भेटूच.